‘उघड आहे’ म्हणणाऱ्यांच्या बडोद्यात

बडोद्याला जाऊन आलेली माणसं तिथल्या राजवाड्याचं, संग्रहालयाचं आणि कमाटीबागेचं वर्णन करतात. मी चार दिवस राहून यातलं काहीही पाहिलं नाही. मी पाहिली एक बिनखिडक्यांची प्रयोगशाळा, एक मगर (तीही अर्धीच) आणि पंचाहत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ. या गृहस्थांनी मला ‘त्यात काय, उघड आहे’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकवलं, की परतीच्या गाडीत कुणी वेळ विचारली तरी माझ्या तोंडून तेच बाहेर पडेल अशी मला धास्ती होती. तरीही हे लिहायला बसले आहे, कारण ज्या कामासाठी मी गेले ते काम ‘उघड’ या एकाच शब्दाचं होतं.

मी पुण्यात आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर मुंबईच्या एका वकिलांनी मला नव्या उद्योगाला लावलं. जनुकांत फेरफार करून कुणी काही नवं केलं आणि त्यावर पेटंट मागितलं, की त्या कामावर मत द्यायचं. कायद्याला ती गोष्ट नुसती नवीन असून चालत नाही. त्या विषयातल्या जाणकाराला ती सहज सुचण्याजोगी नसावी लागते. हा जाणकार म्हणजे कायद्याने कल्पिलेला एक विचित्र प्राणी आहे. जगात छापलेलं सगळं त्याने वाचलेलं असतं, पण स्वतःची अशी एकही कल्पना त्याला जन्मात सुचलेली नसते. मी त्याला जाणकारबुवा म्हणते. समोरचा शोध या बुवाला सुचला असता का, एवढंच मला सांगायचं असतं. गंमत अशी की शोध लागून गेल्यावर तो सगळ्यांनाच सुचलेला असतो.

मकरपुऱ्यातल्या एका लहानशा कंपनीने असा अर्ज केला होता, आणि एका बड्या परदेशी कंपनीने पेटंट मिळण्याआधीच हरकत घेतली होती. हरकतीचा मथितार्थ एका ओळीचा होता : यात शोध कसला, हे उघडच आहे. वकील मला म्हणाले, “विजयाताई, बडोद्याला जा, प्रत्यक्ष बघा, आणि उघड नाही असं वाटलं तर तसं प्रतिज्ञापत्र द्या.”

“वाटलं तर,” मी म्हटलं. “नाही वाटलं, तर मी सही करणार नाही.”

पुढच्याच महिन्यात सुनावणी होती. मे महिना होता. मी निघाले.

स्टेशन

माझ्यासाठी गेस्ट हाऊसची खोली घेतलेली होती. स्टेशनवर उतरले, तर पांढऱ्या शर्टातले, ताठ कण्याचे एक वृद्ध गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी माझ्या हातातली बॅग काढून घेतली. मी ती परत ओढली. त्यांनी पुन्हा घेतली.

“मी दिघे. नानासाहेब म्हणतात मला. अनघाचा बाप. चला, गाडी बाहेर उभी आहे. घर अकोट्याला आहे.”

अनघा दिघे म्हणजे जिच्या नावावर हा शोध होता, ती कंपनीतली शास्त्रज्ञ. मी म्हटलं, “अहो, मी तुमच्या घरी कशी उतरणार? मला तुमच्या मुलीच्या कामावर तटस्थपणे मत द्यायचंय.”

“द्या की. घरी बसून द्या, वांधो नाही. पुण्याहून मराठी बाई येते आणि हॉटेलात उतरते? आमच्या आजोबांच्या वेळेपासून असं कधी झालं नाही. ते सरकारवाड्यात होते, महसूल खात्यात. लोकं काय म्हणतील?”

आमच्या पुण्यात पाहुणा किती दिवस राहणार हे आधी विचारतात, आणि त्यात कुणालाच काही वाटत नाही. इथे मला विचारायचीसुद्धा सोय नव्हती. मी वकिलांना फोन लावून तक्रार केली. ते हसले आणि म्हणाले, बडोदेकरांपुढे इलाज नाही, तुमचं मत तेवढं पुण्याचं ठेवा.

विश्वामित्रीच्या पुलावर वाहतूक तुंबली होती. लोक स्कूटरी आडव्या लावून कठड्यावरून खाली वाकले होते. एका मगरीची शेपटीकडची बाजू चिखलात दिसत होती, उरलेली मगर झुडपात होती.

“अहो, मगर आहे!” मी म्हटलं.

“नदी आहे म्हणजे मगर असणार,” नानासाहेब म्हणाले. “उघड आहे.”

आमच्याकडेही नदी आहे आणि तिच्यात प्लास्टिकच्या पिशव्या असतात, हे मी त्यांना सांगितलं. ते त्यांना फारसं पटलेलं दिसलं नाही.

अकोटा

घर नीटनेटकं होतं. दिवाणखान्यात पितळी कड्यांचा झोपाळा होता. त्याला ते ‘हिंचका’ म्हणत. नानासाहेब बऱ्याच वर्षांपूर्वी विधुर झाले होते आणि स्वयंपाक स्वतः करत. जन्मभर त्यांनी शाळेत भूमिती शिकवली होती आणि ते त्यांच्या पुऱ्यांवरूनही कळत होतं. सगळ्या एका मापाच्या, एका फुगीच्या. आमरसात सुंठ आणि वरणात गूळ होता. वरणात गूळ घालणाऱ्या माणसांशी माझं पटत नाही, पण मी दोनदा वाढून घेतलं हेही खरं आहे.

अनघा संध्याकाळी आली. चाळिशीला टेकलेली, बारीक चणीची, बोलताना आधी वडिलांकडे बघणारी. मला ते बघणं पहिल्या मिनिटापासून खटकलं.

मी अर्ज गाडीत वाचून काढला होता आणि वाचताना माझा जीव अर्धा झाला होता. पेटंटचे शेकडो अर्ज मी पाहिलेत, पण असा पाहिला नव्हता. आधी काय दिलेलं आहे, मग काय सिद्ध करायचं, मग पायरीपायरीने सिद्धता. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी ‘यावरून स्वाभाविकपणे असे निष्पन्न होते की’, ‘यामुळे साहजिकच’, ‘हे उघड आहे की’. हरकत घेणाऱ्यांना वेगळे कष्ट करावेच लागले नव्हते. त्यांनी अनघाच्याच अर्जातली ही वाक्यं उचलून एकाखाली एक लावली होती आणि म्हटलं होतं, बघा, शोध लावणारीच म्हणते आहे की हे उघड आहे.

“हे लिहिलं कुणी?” मी विचारलं.

अनघाने वडिलांकडे पाहिलं. नानासाहेब झोपाळ्यावर आणखी ताठ झाले.

“शास्त्र तिचं, मांडणी माझी. तिने आधी अगदी गबाळं लिहिलं होतं. कंपनीला घाई होती, वकिलाने फक्त कलमं घातली. मी बसून सगळं रांगेत लावून दिलं. एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही.”

“ते दिसतंय,” मी म्हटलं. मला आणखी बरंच म्हणायचं होतं, पण मी त्यांच्या घरचा रस खाल्लेला होता. म्हणूनच मी एरवी गेस्ट हाऊसमध्ये उतरते.

मकरपुरा

सकाळी कंपनीच्या बसगाड्या आणि सायकली-मोटरसायकलींच्या लोंढ्यातून आम्ही मकरपुऱ्याला पोचलो. हसमुखभाई कंपनीचे मालक. परवान्यांच्या काळात त्यांच्या वडिलांनी कापडाचे रंग करायला सुरुवात केली. हसमुखभाईंनी बाजार खुला झाल्यावर मागच्या शेडमध्ये ही प्रयोगशाळा काढली. अनघा तिथे कोंबड्यांच्या खाद्यात घालायचं एक एन्झाइम करत होती. ते मूळचं मातीतल्या एका बुरशीचं. बुरशी ते फार थोडं बनवते, म्हणून तिचं जनुक काढून जिवाणूत घालायचं आणि जिवाणूकडून ते भरपूर करून घ्यायचं.

इथे दोन शब्द सांगायलाच हवेत. जनुकाच्या भाषेत एकाच अर्थाचे अनेक शब्द असतात. त्यातले काही जिवाणू झरझर वाचतो, काहींवर अडखळतो. साऱ्या जगाचा सल्ला असा, की अडखळायचे शब्द काढा, झरझरीत घाला, काम वेगाने होईल. काम वेगाने होतंही. पण अनघाचं एन्झाइम वेगाने झालं की त्याच्या गुठळ्या व्हायच्या, घाईने पीठ पेरलेल्या पिठल्यासारख्या, आणि गुठळीतलं एन्झाइम काही कामाचं नसतं. बरं, बुरशीचं जनुक जसंच्या तसं ठेवलं तर जिवाणू इतका अडखळायचा की हाती जवळजवळ काहीच यायचं नाही. अनघाच्या शोधात जनुकाचा पुढचा अर्धा भाग मूळ, अडखळत वाचायचा ठेवला होता आणि मागचा झरझरीत केला होता. आता गुठळी होत नव्हती. मी तिथे उभी राहून सगळं करून घेतलं, आणि नळीतलं पाणी स्वच्छ होतं. मला मनापासून आनंद झाला. काम देखणं होतं.

“पण पुढचा अर्धाच का?” मी विचारलं.

“पुढचा भाग आधी तयार होतो,” अनघा म्हणाली. “त्याची घडी आधी बसायला हवी, म्हणून त्याला वेळ हवा. त्यावरून साहजिकच…”

“हे तुझ्या बाबांचं वाक्य आहे. तुला हे सुचलं कसं, ते सांग.”

“असंच. विचार करून.”

“आणि साऱ्या जगाने पुढचा भागसुद्धा भरभर केला, ते काय विचार न करता? त्याआधी तू काय काय करून पाहिलंस? काय फसलं?”

“तसं विशेष काही नाही,” ती म्हणाली आणि नळ्या पुसू लागली.

मी वैतागले. फसलं काहीच नाही, पहिल्याच विचारात बरोबर उत्तर आलं, म्हणजे मग ते उघडच होतं की! जाणकारबुवालाही ते सुचलं असतं. मी असं प्रतिज्ञापत्र लिहिलं असतं तर समोरच्या वकिलाने पेढे वाटले असते. मी तोच प्रश्न दुपारपर्यंत निरनिराळ्या तऱ्हांनी विचारला, आणि दर वेळी मला भूमितीचा तोच धडा ऐकायला मिळाला.

एवढ्यात हसमुखभाई ताकाचे ग्लास घेऊन आले. मी त्यांना म्हटलं, तुमच्या अनघाबेनने केलंय ते मोठं काम आहे. ते लाजल्यासारखे हसले. “एमां शुं, मॅडम? इसमें क्या है? धीरे करो तो अच्छा होता है. मेरी बा भी कहती थी.”

मी कपाळाला हात लावला. हरकत घेणारी कंपनी परकी होती. तिने उघड म्हटलं तर समजू शकते. इथे शोध लावणारीचा बाप आणि मालकसुद्धा तेच म्हणत होते. मी हसमुखभाईंना बजावलं, की सुनावणीच्या दिवशी तुमच्या बांचं नाव काढायचं नाही.

“नहीं काढूँगा,” ते एकदम गंभीर झाले. “मॅडम, सच बोलूँ? बापूजी के टाइम हम दूसरों का देख के बनाते थे, सब वही करते थे. पहली बार कुछ अपना है. पेटंट नहीं मिला तो मोटी कंपनी यही चीज सस्ते में बेचेगी, मैं कितने दिन टिकूँ? ये शेड बंद, वापस रंग. और रंग में अनघाबेन क्या करेगी?”

नळ्या पुसणाऱ्या अनघाचा हात थांबला होता. तिने हे पहिल्यांदा ऐकलं असावं असं मला वाटलं नाही, पण परक्या माणसासमोर पहिल्यांदा ऐकलं असावं.

लहरीपुरा

तिसऱ्या दिवशी मी जाहीर केलं, की मी आज काम करणार नाही, मला खरेदी करायची आहे आणि नानासाहेबांनी सोबत येण्याची गरज नाही. ते छत्री घेऊन तयार होते. मी त्यांना घरी बसवलं. मला अनघा एकटी हवी होती.

लहरीपुऱ्याच्या दरवाज्याशी रिक्षाने सोडलं तेव्हा ऊन असं होतं की सावलीसुद्धा तापलेली. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. अनघा दुकानदारांशी गुजरातीत, रिक्षावाल्याशी हिंदीत, माझ्याशी मराठीत बोलत होती आणि तिन्हींत तिचा आवाज घरच्यापेक्षा मोठा होता. मी हिरवा चेवडा घेतला, भाकरवडी घेतली. भाकरवडी मऊ आणि गोडसर निघाली. भाकरवडी पुण्याचीच, असं मी म्हटलं, त्यावर दुकानदाराने माझ्याकडे फार दयेने पाहिलं. तेवढ्यात गर्दीत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. एका हातात चप्पल, एका हातात चेवडा, आणि अनघा म्हणते आहे, “ताई, आता सेव-उसळ खाऊया, मग तुम्हाला बरं वाटेल.” एवढ्या उन्हात जळजळीत रश्श्याने कुणाला बरं वाटतं? पण बडोद्यात वाटतं. आम्ही एका गाडीपुढच्या बाकड्यावर बसलो. वाटाण्याची उसळ, वर मूठभर शेव, लाल तर्री, पाव. पहिल्या घासाला ती तर्री माझ्या साडीवर सांडली.

“हे आमच्याच मराठी लोकांनी इथे आणलं म्हणतात,” अनघा म्हणाली. “उसळ आपली आणि शेव यांची.”

“म्हणजे उघड आहे,” मी साडी पुसत पुसत म्हटलं. “उसळ होती, शेव होती. त्यात काय!”

“असं कसं? घालून बघितल्याशिवाय कसं कळणार? शेव भिजून लगदा होईल असंच कुणालाही वाटेल.”   तिने पाव ताटलीत ठेवून दिला.

“ताई, ते मला सुचलं नव्हतं,” ती म्हणाली. “चुकून झालं.”

मग तिने सांगितलं. वर्षभर ती जगाच्या सल्ल्यानेच चालली होती. शब्द झरझरीत कर, आणखी झरझरीत कर. उष्णता कमी कर, अन्न बदल. दर वेळी गुठळ्या. शेवटी तिने जनुक दोन तुकड्यांत नव्याने मागवलं, दोन्ही तुकडे झरझरीत. ते जोडायचे होते उतराणाच्या आदल्या संध्याकाळी. उतराण म्हणजे त्यांची संक्रांत. दोन दिवस सारं बडोदं गच्चीवर पतंग उडवत असतं, कारखाने बंद, दुकानं बंद, हसमुखभाई तर दुपारीच मांजा घेऊन गेलेले. अनघाला निघायची घाई होती. तिने फ्रीझरमधून मागचा तुकडा नवा घेतला आणि पुढचा, घाईघाईत, जुन्या खणातला. मूळ बुरशीचा. जोडून टाकला आणि घरी गेली. सुट्टीनंतर पुढच्या पायऱ्या केल्या, आणि एके दिवशी नळी पाहते तर पाणी स्वच्छ.

“मला वाटलं एन्झाइम झालंच नाही. मी ते फेकणार होते. पण फेकायच्या आधी मोजून बघावं असं वाटलं, तर सगळं पाण्यात होतं! आठवडाभर मला कळेना मी काय केलंय. मग कळलं, चूक केलीय. मग तीच चूक मुद्दाम केली. परत परत. दुसऱ्या एन्झाइमवर पण केली.”

“आणि त्या वर्षभरातल्या गुठळ्या? त्यांच्या नोंदी?”

“सगळ्या आहेत कंपनीत. कुणी विचारलंच नाही. अर्जात कशा घालणार? आमच्या घरात खाडाखोड चालत नाही, ताई. बाबा शाळेत कच्चं काम खोडल्याशिवाय वही हातात घ्यायचे नाहीत. मी त्यांच्याच वर्गात होते. त्यांना वाटतं मी विचार करून काढलं. आणि चुकीवर कुणी पेटंट मागतं का? ते माझं कसं म्हणायचं?”

“अगं बाई!” मी बाकड्यावरून उठलेच, एका पायात चप्पल नसताना. “कायदा विचारत नाही तुला ते झोपेत सुचलं की चुकून झालं! त्याला एवढंच हवंय की दुसऱ्या कुणाला सहज सुचलं नसतं. तुलाच वर्षभर सुचलं नाही, तू एवढी हुशार असून! जगातली सगळी पुस्तकं उलट दिशा दाखवत होती. याहून मोठा पुरावा कुठला? आणि तोच तुम्ही बापलेकींनी पुसून टाकलात!”

गाडीवाला घाबरून पुढे आला. “बेन, तर्री तीखी लागी? छाश आपुं?”

मी ताक प्यायले. अनघा रडत होती आणि हसतही होती. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि एक धपाटाही घालावासा वाटला. हातात चप्पल असल्यामुळे दोन्ही राहून गेलं.

पुन्हा अकोटा

संध्याकाळी अनघाने वडिलांना सांगितलं. मी म्हटलं होतं, मी सांगते. ती म्हणाली, नको. झोपाळ्यावर नानासाहेब, समोर खुर्चीत ती, आणि मी उगाच चेवड्याची पिशवी उघडत बसलेली.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग शाळेत विचारत असतील तसंच विचारलं, “पण घाई का केलीस? जोडायचं काम निरांते करायचं असतं.”

“घरून फोन येत होते.”

“कुणाचे?”

अनघाने गच्चीच्या जिन्याकडे पाहिलं. नानासाहेबांनी पायाने झोपाळा थांबवला. नंतर मला कळलं, की त्या संध्याकाळी ते गच्चीवर तिची वाट बघत होते, मांज्याची फिरकी धरायला. बायको गेल्यापासून ती अनघाच धरायची. उंधियू निवत होतं म्हणून त्यांनी पुन्हा पुन्हा फोन लावला होता.

मी तोवर बराच वेळ गप्प बसले होते, आणि ते माझ्या प्रकृतीला मानवत नाही. मी म्हटलं, “नानासाहेब, तुमची सिद्धता इतकी चोख आहे की त्यात शोधच उरला नाही. तुम्ही उत्तर कळल्यावर रस्ता आखलात. तो सरळ दिसणारच. तिला तो असा दिसत नव्हता. कुणालाच दिसत नव्हता.”

“मग माझं लिहिलेलं काढून टाका.”

“येत नाही काढता. दाखल झालं ते झालं. तुमची ‘साहजिकच’ आता कायमची तिथे राहणार.”

ते उठून स्वयंपाकघरात गेले. त्या संध्याकाळच्या पुऱ्या वेड्यावाकड्या होत्या. एक तर चौकोनी म्हणावी अशी होती. आम्ही तिघांनी त्या मुकाट्याने खाल्ल्या. मला फार वाईट वाटलं. त्यांनी मुलीचं नाव चकचकीत करायला म्हणून जे केलं होतं, त्यानेच तिचं काम बुडायला आलं होतं, आणि ते सांगणारी मी त्यांच्याच घरी जेवत होते.

जेवण झाल्यावर ते म्हणाले, “यावर उपाय काय?”

उपाय दुपारपासून माझ्या मनात होता, पण मला तो उच्चारवत नव्हता. “अनघा फसलेल्या वर्षाच्या नोंदींसकट प्रतिज्ञापत्र देईल. मीही देईन. पण त्या वाक्यांचं कुणीतरी उत्तर द्यायला हवं. ती लिहिणाऱ्याने. की ती वाक्यं अनघाची नाहीत. लिहिणाऱ्याला जनुकशास्त्र येत नाही. त्याला हे उघड वाटलं ते त्याला उत्तर आधीच सांगितलं होतं म्हणून.”

“म्हणजे मला यातलं काही कळत नाही, असं मी लिहून द्यायचं.”

“हो.”

“स्टॅम्प पेपरवर.”

“हो.”

अनघा म्हणाली, “बाबा, नको. काहीतरी दुसरं बघू.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं. या खेपेला पहिल्यांदाच मी त्या दोघांना उलट्या बाजूने पाहत होते. बोलण्याआधी ते तिच्याकडे बघत होते.

“मी फोन केले नसते तर कदाचित तू बरोबर तुकडा घेतला असतास,” ते म्हणाले. “मग काहीच झालं नसतं, नाही का?” तो प्रश्नच होता, सिद्धता नव्हती.

नोटरी

चौथ्या दिवशी गाडीच्या आधी आम्ही नोटरीकडे गेलो. नानासाहेबांनी मजकूर स्वतः लिहिला होता. मला वाटलं यातही भूमिती असणार, पण तो जेमतेम पानभर होता. मी शाळेत गणित शिकवत असे. जनुकशास्त्राचं मला ज्ञान नाही. अर्जातले अमुक अमुक शब्द माझे आहेत. मुलीने काम पुरं केल्यानंतर मी ते लिहिले. त्याआधी ते मला सुचले नसते. यातला एक शब्द त्यांनी खोडून वर दुसरा लिहिला होता आणि तो कागद तसाच टायपिस्टला दिला होता. टायपिस्टने विचारलं, “काका, आ चेकेलुं छे, चालशे?” ते म्हणाले, चालेल. मग त्यांनी सही केली. मीही माझ्या प्रतिज्ञापत्रावर सही केली.

स्टेशनवर त्यांनी बॅग माझ्या हातात द्यायला बराच वेळ लावला. पुन्हा आलात तर हॉटेलात उतरायचं नाही, एवढंच म्हणाले. पुण्याला उतरल्यावर मी पहिलं काम केलं ते बिनगुळाचं वरण केलं. त्याला चव नव्हती, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

सुनावणी मुंबईला झाली. निकाल यायला पावसाळा आणि दिवाळी दोन्ही उलटावे लागले. हरकत फेटाळली गेली आणि पेटंट मंजूर झालं. हसमुखभाईंनी मला मऊ भाकरवडीचा एवढा मोठा डबा पाठवला की ती सोसायटीत वाटावी लागली. सगळ्यांनी आवडीने खाल्ली, याचाही मला राग आला.

मग नानासाहेबांचा फोन आला. आवाज तोच, ताठ.

“विजयाताई, आदेश वाचला मी. सगळा वाचला. आता मागे वळून पाहिलं तर, खरं सांगू, हे उघड…”

मी फोन कानापासून दूर धरला. आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचं त्राण माझ्या अंगात नव्हतं. पण पलीकडे काहीच ऐकू येईना. फोन कट झाला की काय म्हणून मी तो परत कानाला लावला.

“नव्हतं,” ते म्हणाले. “अजिबात उघड नव्हतं. माझ्या मुलीने काढलं ते.”